बिनरंगाचं पाणी

९ जानेवारी, सोमवार

आज जमलं.

कापड रंगवायच्या तीन नंबरच्या यंत्रातून निघालेलं पाणी काचेच्या उंच नळीत घेतलं होतं. डाळिंबी, दाट, मागचा दिवासुद्धा दिसू नये असं. त्यात साबण घातला, नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली आणि चहा घ्यायला गेले. परत येऊन बघते तर सगळं गढूळ, पेजेसारखं. म्हटलं, पुन्हा फसलं. ओतून द्यायचाही कंटाळा आला म्हणून नळी तशीच राहू दिली. मग तो गढूळपणा हळूहळू खाली उतरायला लागला आणि उतरताना रंगाला बरोबर घेऊन गेला. तळाशी काकवीसारखा थोडासा थर, आणि वर पाणी. नुसतं पाणी. नळीच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता आली.

हा साबण नारळाच्या तेलापासून करतात. गार पाण्यात मुकाट विरघळतो. पाणी तापलं की त्याचं पाण्याशी पटेनासं होतं, मग तो वेगळा होतो आणि रंगाला चिकटवून घेऊन बाहेर पडतो. आमच्या डाईंगचं, रंगाई कारखान्याचं, पाणी कढतच बाहेर येतं, त्यामुळे तापवायला वेगळं काही जाळायला नको. थोडा साबण वरच्या पाण्यात उरतो खरा, पण मागच्या टाक्यांत हवा दिली की काही दिवसांत जिवाणू तो खाऊन टाकतात. म्हणून तर मी हाच निवडला.

फुफूला, माझ्या आत्याला, फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे आता ओढ्याला लाल पाणी यायचं नाही?"

"नाही."

"निळंपण नाही?"

"कुठलंच नाही."

 मग तिने विचारलं, जेवलीस का.

१३ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. सकाळी धुक्यातच टेम्पोने गावी, शिमुलघाटाला आले. या आठवड्यात ओढा हिरवा आहे, शेवाळी नव्हे, बाटलीच्या काचेसारखा हिरवा. परदेशात सध्या कपड्यांना तोच रंग चालत असणार.

फुफूच्या दारातून घाटाच्या विटांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. फुफाजींनी स्वतः बांधल्या होत्या. मी लहान असताना फुफू त्या पायरीवर बसवून मला घासायची, तांदूळ तिथेच धुवायची. मी कॉलेजात जाईपर्यंत वर कारखाने आले आणि ती एकदा जी वर चढली ती पुन्हा उतरली नाही. तेव्हापासून पाणी मशिदीच्या हातपंपावरून. कंबर दुखते तरी कळशी कुणाला देत नाही.

आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझा तलाक होऊन मी परत आले तेव्हा आळीतल्या बायकांनी तिला विचारलं, आता हिचं काय. फुफू म्हणाली, "हिचं काय म्हणजे? आमची मारू रसायन शिकलीय." जणू ते सगळ्यावरचं उत्तर होतं.

दुपारी तिने सुक्या मासळीचं भर्ता केलं. भाजलेली मिरची, कांदा, मोहरीचं तेल, सगळं हातानेच कुस्करते. म्हणते, चमच्याने केलं की ते भर्ता नव्हे, औषध होतं. मी तीनदा भात घेतला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

नळीत होतं ते टाकीत होईल असं नाही, हे गेल्या महिन्यात शिकले. पहिल्या दिवशी फेसच फेस झाला, टाकीवरून उतू जाऊन अंगणभर पसरला. दुसऱ्या खेपेला पाणी येता येता गार झालं आणि साबण वेगळाच होईना. नळांना काथ्या आणि पत्रा गुंडाळल्यावर कालपासून नीट चाललंय. तळाचा दाट रंग खालच्या तोटीतून पिंपात घ्यायचा, वरचं पाणी मागच्या टाक्यांकडे पाठवायचं. तिथे आधी आम्ल घालून रंगाईतला कॉस्टिक सोडा मारायचा, मग हवा द्यायची, मग ओढा.

अनिसुर साहेब, आमचे व्यवस्थापक, टाकीच्या शिडीवर चढून स्वतः बघून गेले. एवढा मोठा माणूस, पण ताई म्हणावं तसं मला "आपा" म्हणतो. म्हणाले, "आपा, या कारखान्यात तुमच्याइतकं महत्त्वाचं काम कुणी केलं नाही." मी लाजले. हे लिहायला नको, पण वही माझीच आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्याच घाटावर समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, मालक, गावच्या पंचायतीचे चेअरमन साहेब. अनिसुर साहेबांनी काचेच्या जगमध्ये ओढ्याचं पाणी भरून टेबलावर ठेवलं होतं. लोक जवळ येऊन बघत होते, एकाने तर जग उचलून उन्हात धरला. ओढ्याचा तळ दिसत होता. तळाला काय काय होतं, जुन्या चपला, चिंध्या, एक सायकलचं चाक, पण दिसत होतं.

मालक बोलले, चेअरमन त्याहून जास्त बोलले. मग अनिसुर साहेब म्हणाले, आपा, तुम्ही याच गावच्या, तुमच्या शब्दांत सांगा. मी उभी राहिले. तयारी काहीच नव्हती. म्हणाले, रंग गेलाय, ओढा पुन्हा आपला झालाय.

शेजारची शाहिदा मागून म्हणाली, "भाषण राहू दे गं. पाण्यात उतरायचं का नाही, ते सांग."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. फुफू पहिल्या खुर्चीवर, धुतलेल्या पांढऱ्या साडीत. म्हणायला हवं होतं की अजून थोडे दिवस जाऊ द्या, मी महिनाभर पाणी तपासते. ते मनात आलंही होतं. पण मागच्या टाक्या चालू आहेत, तिथून निघणाऱ्या पाण्याचे जानेवारीतले आकडे चांगले आहेत, मग भ्यायचं कशाला? मी म्हणाले, "उतरा."

आत्तासुद्धा ते आठवून ऊर भरून येतोय.

२५ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्यात प्रयोगशाळेत कामाला फार बरं वाटतंय. मागच्या टाक्यांचा हवेचा पंप रात्रंदिवस घरघरायचा, बोलताना ओरडावं लागायचं. आता इतकं शांत आहे की खिडकीबाहेरचे पारवे ऐकू येतात. कार्यालयातले म्हणाले, दुरुस्तीला काढलाय, एक सुटा भाग चितगावहून यायचाय. मी म्हटलं, यायची घाई नको.

निळ्या रंगासाठी साबणाचं प्रमाण वेगळं ठेवावं लागतंय. दिवसभर तेच.

३ मार्च, शुक्रवार

घरी आले तर घाटावर जत्रा. शाहिदा गुडघाभर पाण्यात उभी राहून चादरी आपटत होती, तिची पोरं डुंबत होती. आणि फुफू. कमरेइतक्या पाण्यात, डोळे मिटून, ओंजळीने डोक्यावर पाणी घेत होती. मी पायरीवरच बसून राहिले. हाक मारली नाही.

निबारणकाका भेटले. त्यांची कोळ्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. मासे संपल्यावर जाळी विकून ते माल वाहायची व्हॅनरिक्षा ओढायला लागले होते. आता घरामागचं तळं उपसून त्यात ओढ्याचं पाणी घेतलंय, रोहू आणि कटला माशांचं बी सोडलंय. म्हणाले, "पोरी, व्हॅन ओढताना मी मान खाली घालायचो. कुणाला वाटायचं ओझं जड आहे. तसं नव्हतं. कोळ्याच्या पोराने रस्त्यावर काय बघायचं?" मला तळ्यावर नेलं. काठाशी काळ्या रेघांसारखी पिल्लं पळत होती.

फुफूच्या बोटांना खाज येत होती. म्हणाली, इतक्या वर्षांनी भिजलीत, रुसलीत. आम्ही दोघी हसलो.

८ मार्च, बुधवार

काल शबे बरात, म्हणून आज सुट्टी. तांदळाच्या भाकऱ्या आणि चण्याचा हलवा. भाकऱ्या शाहिदाने थापल्या. फुफू ओट्याजवळ बसून सूचना देत होती. गरम उकड मळणं हे तरण्या हातांचं काम, म्हणाली. गेल्या वर्षापर्यंत ती दुसऱ्या कुणाला परातीला हात लावू देत नव्हती. वय होतंय तिचं.

पायांत मोजे घातले होते. उन्हाळा तोंडावर आलाय आणि हिला थंडी वाजते. मी ढाक्याहून जाड मोजे आणीन म्हटलं. म्हणाली, नको, सैलच बरे.

१२ मार्च, रविवार

रमजानात परदेशी खरेदीदार कारखाना बघायला येणार आहेत. अनिसुर साहेब म्हणाले, त्यांना पुलावर उभं करून ओढा दाखवायचा आणि आपा, तुम्ही समजावून सांगायचं. इंग्रजीतून बोलायचं म्हणून आत्तापासूनच तयारी. निबंधासारखं लिहून काढलंय. पाणी तपासायचं राहूनच गेलंय, पुढच्या आठवड्यात नक्की.

१७ मार्च, शुक्रवार

निबारणकाकांची पिल्लं मेली. सगळी. तळ्यावर पांढरी साय धरल्यासारखी तरंगत होती. काका काठावर बसून जाळीच्या पाटीने ती बाहेर काढत होते, काकू खड्डा करत होत्या.

मी एक पिल्लू उचलून बघितलं. कल्ले फिके, चिकट. परवापासून आभाळ आलंय, अशा हवेत पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्यात काकांनी बी फार दाट सोडलं होतं. तसं त्यांना सांगितलं. पुढच्या खेपेला निम्मंच सोडा म्हटलं.

ते म्हणाले, "मारू पोरी, मी बापाबरोबर पिल्लं सोडत आलोय. पण तू म्हणतेस तर असेल." आणि पुन्हा पाटी पाण्यात घातली.

मी बरोबर होते. तरी घरी येईपर्यंत काहीतरी टोचत राहिलं. जेवायला वरणभात. भर्ता का नाही विचारलं तर फुफू म्हणाली, कंटाळा आलाय त्याचा.

२४ मार्च, शुक्रवार

पहिला रोजा. आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी ओसरीवर कलंडले होते. डोळा उघडला तर फुफू अंगणाच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतीशी वाकलेली. दोन्ही तळवे भिंतीच्या धुळीवर टेकवले, तोंडावरून फिरवले, पुन्हा टेकवले, मग हातांवरून फिरवले. तयम्मुम. नमाजाआधी धुवायला पाणी नसलं की करतात ते. नाहीतर पाण्याने अपाय होत असला की.

दाराशी कळशी भरलेली होती.

मी उठून गेले. म्हटलं, फुफू, पाणी आहे की. ती दचकली आणि हात पदराखाली घेतले. मी पदर बाजूला केला. बोटांच्या बेचक्यांत कातडं उरलं नव्हतं. लाल, ओलं, कडेने पांढरं. खाली बसून मोजे काढले. ते पायाला चिकटले होते, पाण्याने भिजवून सोडवावे लागले. पावलांबद्दल लिहिता येत नाही.

"कधीपासून?"

"होतील बरे. हळद लावते."

"फुफू, कधीपासून?"

"उतरायला लागले तेव्हापासून." मग जरा थांबून म्हणाली, "शाहिदाच्या पोरांनापण आहे. मी सांगितलं तिला, मारूच्या कानावर घालू नकोस."

का, असं विचारलं. ती माझ्याकडे बघेना. म्हणाली, "सगळ्या गावासमोर तू उतरा म्हणालीस. मी उतरले नसते तर कोण उतरलं असतं? आणि मग फोड आलेत म्हणून सांगत फिरू? माझ्या पोरीचं तोंड कुठे राहिलं असतं?"

तरी ती रोज उतरत होती. फोडांवर फोड घेऊन, बायकांनी बघावं म्हणून.

पर्समध्ये कॉस्टिक ओळखायच्या कागदी पट्ट्या असतात. घाटावर जाऊन एक बुडवली. ती गर्द निळी झाली. नितळ पाण्यात माझी बोटं स्पष्ट दिसत होती, आणि क्षणात बुळबुळीत लागायला लागली. कॉस्टिकने लागतात तशी.

२५ मार्च, शनिवार

सकाळी आधी मागच्या टाक्यांवर गेले. समारंभापासून मी तिकडे फिरकले नव्हते, हे चालता चालता लक्षात आलं. पंप दुरुस्तीला गेलाच नव्हता. जागेवर होता, वर ताडपत्री. हवेच्या टाकीतलं पाणी पसरट, मेलेलं, वर काळी साय. कॉस्टिक मारायच्या आम्लाचे कॅन सीलबंद. या टाक्यांना वळसा घालून एक नवा नळ टाकला होता. माझ्या टाकीतलं नितळ पाणी थेट ओढ्याला.

टाक्या सांभाळणारे लुत्फरभाई स्टुलावर बसले होते. उठले, पण काही लपवलं नाही. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी हुकूम आला, म्हणाले. "पाणी तर साफच दिसतंय, आपा. मग वीज कशाला जाळायची, असं वरून विचारलं. मी काय बोलणार? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचंच औषध आहे ना."

अनिसुर साहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, सगळं ऐकलं. मी फोडांचं सांगितलं, माशांचं सांगितलं. साबण हवेविना राहिला की माशांच्या कल्ल्यांवर बसतो, हेही सांगितलं. तो विरतो, पण त्याला हवा लागते, दिवस लागतात. ते मान हलवत होते. ईदनंतर बघू म्हणाले.

मी म्हटलं, ईदला महिना आहे आणि बायका रोज पाण्यात आहेत.

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरणार नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. "आपा, ओढ्याला रंग होता तेव्हा माझ्या टेबलावर रोज एक तक्रार असायची. तुम्ही रंग काढलात. त्या दिवसापासून एकही आलेली नाही. मग बिघडलंय कुठे, तुम्हीच सांगा."

 ते खरं होतं. मीही पारवे ऐकत बसले होते.

२७ मार्च, सोमवार

रजा घेऊन घरी. घाटावर उभी राहून सगळ्या बायकांना सांगितलं, बाहेर या, पाणी चांगलं नाही. शाहिदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "महिन्याभरापूर्वी उतरा म्हणालीस, आता चढा म्हणतेस. आम्ही काय तुझ्या कळसूत्री बाहुल्या?" दुसरी एक म्हणाली, कारखान्यात हिचं काही बिनसलं असेल. तिसरीने ओंजळ भरून माझ्यासमोर धरली. "बघ की. कुठे काय आहे यात?"

पोरांच्या अंगावरच्या फोडांना त्या उन्हाळी पुरळ म्हणतात. हातपंपावर तासभर रांग, त्यापेक्षा दाराशी पाणी. मी पट्टी बुडवून निळी झालेली दाखवली. त्या हसल्या. निळं पाणी तर जन्मभर बघितलंय, म्हणाल्या, तुझ्या त्या कागदाचं काय घेऊन बसलीस.

पलीकडच्या काठाला निबारणकाका उभे होते. ते पाण्यात उतरले नव्हते. मी हात जोडले. इतक्या लांबून त्यांना दिसलं की नाही, माहीत नाही.

२८ मार्च, मंगळवार

पर्यावरण खात्यात फोन केला. लेखी द्या म्हणाले. दिलं. चेअरमन साहेब म्हणाले, खरेदीदार येऊन जाऊ दे, शेकडो घरांची चूल त्यावर आहे. खोटं नाही. शाहिदाचा नवराही आमच्याच डाईंगमध्ये आहे.

दिवसभर एकच विचार. रंग हे काही मोठं विष नव्हतं, असं मी म्हणत नाही. तोही विषच. पण तो दिसत होता. लोक चार हात लांब राहायचे. मी फक्त दिसणं काढून घेतलं.

३० मार्च, गुरुवार

आज साबणाचा पंप बंद केला.

रात्रभर ठरवत होते असं नाही. सकाळी टाकीवर गेले तर तीन नंबरच्या यंत्रातून लाल पाणी येत होतं, तेच डाळिंबी. घड्याळ बघितलं. या वेळेला शाहिदाची पोरं शाळेआधी पाण्यात असतात. खटका खाली केला. मग साबणाच्या नळाची तोटी पिळून बंद केली आणि तिथेच उभी राहिले.

पाणी गढूळ झालं नाही, थर बसला नाही. लाल आलं तसं लाल गेलं. नव्या नळातून ओढ्यात पडताना बघवेना, तरी बघितलं. ज्या कामासाठी आयुष्यातली इतकी वर्षं घातली त्याच्या उलट काम मी स्वतःच्या हातांनी करत होते. 

अनिसुर साहेब धावत आले. मी त्यांना धावताना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, पंप चालू करा.

"आधी हवा चालू करा."

"आपा, सोमवारी पाहुणे येतायत."

"तर मग सोमवारपर्यंत वेळ आहे. हवा चालू करा, आम्ल घाला, तो नळ काढा. मग मी साबण सोडते."

 त्यांनी पहारेकऱ्यांना बोलावलं. कुणी धक्काबुक्की केली नाही. लुत्फरभाईंनी माझी छत्री आणून दिली. मी गेल्यावर पंप चालू करायला त्यांना सांगितलं, तर तोटी सापडत नाही म्हणाले, असं मागून कळलं. दुपार टळेपर्यंत सापडली नाही.

शिमुलघाटाला पोचले तेव्हा ओढा काठोकाठ लाल होता. घाट रिकामा. ओल्या चादरी पायऱ्यांवर तशाच टाकलेल्या, त्यांच्या कडा रंगलेल्या. बायका वर उभ्या होत्या. मला बघून शाहिदा थुंकली. हे तुझंच काम ना, म्हणाली. मी हो म्हटलं. पुढे जे ऐकलं ते लिहीत नाही.

फुफू ओसरीवर पाय उघडे टाकून बसली होती, पहिल्यांदाच मोज्यांशिवाय. सगळ्यांना दिसतील असे. लाल पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं केलंस. आता दिसतंय तरी."

१४ एप्रिल, शुक्रवार

बोईशाखचा पहिला दिवस, नवं वर्ष. बाहेर ढोल वाजतायत. नोकरी गेल्याचा कागद मागच्या आठवड्यात आला.

सोमवारी पाहुणे आलेच नाहीत. लाल ओढ्याची चित्रफीत कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवली. डाईंगची दुसरी पाळी बंद झाली. शाहिदाचा नवरा दारात बसून असतो. रोजा सोडताना पूर्वी त्यांच्या घरून आमच्याकडे भजी यायची. आता ताट येत नाही, आणि मला त्यांच्याकडे न्यायचं धाडस होत नाही. मी एका विषापासून त्यांना ओढून काढलं आणि चुलीतला विस्तव घेतला. दुसरा रस्ता होता का? असेल. मला सापडला नाही.

फुफूच्या हातांवर नवं कातडं धरतंय. पातळ, गुलाबी. पायांना वेळ लागेल, डॉक्टर म्हणाले. डावा अंगठा वाकणार नाही बहुतेक.

३ मे, बुधवार

ईद झाली. खात्याचे लोक येऊन गेले म्हणे. वळशाचा नळ काढलाय, मागच्या टाक्या चालू झाल्यात. माझी टाकीही चालवतात, माझ्या जागी नरसिंगदीचा एक मुलगा ठेवलाय. दुसरी पाळी परवापासून सुरू होईल.

ओढा पुन्हा नितळ. पण घाटावर कुणी उतरत नाही. कळशा घेऊन बायका त्याच्याकडे न बघता हातपंपाकडे जातात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नाही.

१९ मे, शुक्रवार

दुपारी निबारणकाका आले. पिल्लं मेली तेव्हापासून पहिल्यांदाच. अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हातात दोन बाटल्या होत्या. एकीत ओढ्याचं पाणी, दुसरीत तळ्याचं. दोन्ही सारख्याच नितळ. मी काही बोलायच्या आत फुफूने आतून पाट आणून ठेवला. मग ते बसले.

म्हणाले, तळं दोनदा उपसलं, चुना मारला, ऊन दिलं. बी अजून घेतलेलं नाही. बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या.

मी माफी मागायला सुरुवात केली, तुम्ही दाट सोडलं नव्हतं काका, मीच. त्यांनी हात वर करून थांबवलं. माफीसाठी आलो नाही, म्हणाले.

"हे बघून सांग मला. आणि माहीत नसलं तर माहीत नाही म्हण. मागच्या वेळी तेवढंच राहिलं होतं."

मी बाटल्या उन्हात धरल्या नाहीत. नुसतं बघून सांगता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही, काका. तपासावं लागेल. दिवस लागतील."

"लागू देत," ते म्हणाले आणि फुफूकडे चहा मागितला.